महागाईचा दर कसा मोजतात: दुकानातल्या भावापासून राष्ट्रीय आकड्यापर्यंत

दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आदल्या महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करतं आणि संध्याकाळी सगळीकडे एकच आकडा फिरतो: महागाई अमुक टक्के. हा आकडा एका साध्या भागाकारातून येतो. खरं काम असतं ते त्या भागाकाराच्या आधी. कोणाचा खर्च धरायचा, कोणत्या दुकानातून भाव आणायचा, पुडा लहान झाला तर काय लिहायचं, दुकान बंद असेल तर रकाना कसा भरायचा, या प्रश्नांची उत्तरं चुकली की पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी आकडा खोटा ठरतो.

इथे भारताचा निर्देशांक समोर ठेवून ही रीत पायरीपायरीने मांडली आहे. उदाहरणं बहुतेक २०१२ = १०० या मालिकेतली आहेत (म्हणजे २०१२ हे पायाभूत वर्ष, त्या वर्षीचे भाव १०० धरून पुढचे मोजलेले), कारण तिचा दहाहून अधिक वर्षांचा सलग हिशेब हाताशी आहे. फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ = १०० ही नवी मालिका सुरू झाली. तिच्यात वस्तू आणि भार बदलले, मूळ रीत तीच आहे. शेवटी हीच रीत वापरून आपल्या घराची महागाई कशी मोजायची तेही दिलं आहे.

पायरी १: कोणाची महागाई मोजायची ते ठरवा

"देशाची महागाई" असं मोघम बोलून हिशेब सुरू होत नाही. भारतात एकाच वेळी अनेक निर्देशांक चालतात आणि प्रत्येकामागचं कुटुंब वेगळं असतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ग्रामीण, शहरी आणि दोन्हींचा संयुक्त असे तीन आकडे देतं. रिझर्व्ह बँकेचं ४ टक्क्यांचं लक्ष्य (खालीवर २ टक्क्यांची मुभा) संयुक्त निर्देशांकावर बेतलेलं आहे. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक केंद्रीय कामगार मंत्रालयाचं लेबर ब्युरो काढतं आणि महागाई भत्ता त्यावर ठरतो. शेतमजूर आणि ग्रामीण मजुरांसाठी आणखी वेगळे निर्देशांक आहेत. घाऊक किंमत निर्देशांक तर या घराण्यातलाच नाही. त्यात पोलादाचा भाव असतो, पण डॉक्टरची फी नसते.

कुटुंब ठरलं की कोणता खर्च धरायचा ते ठरतं. निर्देशांक उपभोगाचा असतो. त्यामुळे घर विकत घेणं, गृहकर्जाचा हप्ता, शेअर आणि प्राप्तिकर बाहेर राहतात. भाडं, वीज, किराणा, प्रवास, फी आत येतात. भाव धरायचा तो ग्राहकाने प्रत्यक्ष मोजलेला, म्हणजे जीएसटीसकट. छापील किंमत ५० असून दुकानदार सगळ्यांनाच ४६ ला देत असेल तर ४६ लिहायचे. पण विशिष्ट बँकेचं कार्ड दाखवल्यावरच सूट मिळत असेल तर ती धरू नये, कारण ती सूट कार्डाची असते, वस्तूच्या भावाची नव्हे.

पायरी २: टोपली भरा आणि भार लावा

टोपली म्हणजे घरखर्चात येणाऱ्या वस्तू आणि सेवांची यादी. भार म्हणजे घरखर्चाच्या दर शंभर रुपयांतले किती रुपये कशावर जातात तो वाटा. तो कुणी कार्यालयात बसून ठरवत नाही. त्यासाठी हजारो घरांत जाऊन खर्चाचं सर्वेक्षण होतं. २०१२ च्या मालिकेला २०११-१२ च्या सर्वेक्षणाचे भार लावले होते, नव्या मालिकेला २०२३-२४ च्या. मधल्या काळात टोपली केवढी शिळी झाली याची कल्पना एका आकड्यावरून येते. जुन्या मालिकेत ग्रामीण भागासाठी अन्न आणि पेयांचा भार ५४.१८ होता. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला अन्नाचा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे कित्येक वर्षं भाजीपाल्याच्या चढउताराला निर्देशांकात गरजेपेक्षा जास्त वजन मिळत होतं.

जुन्या संयुक्त मालिकेचे भार असे होते:

अन्न आणि पेये ४५.८६
पान, तंबाखू आणि मादक पदार्थ २.३८
कपडे आणि पादत्राणे ६.५३
घरभाडे १०.०७
इंधन आणि दिवाबत्ती ६.८४
इतर (आरोग्य, शिक्षण, प्रवास, संपर्क वगैरे) २८.३२

ग्रामीण आणि शहरी भार शेजारी ठेवले की दोन वेगळे देश दिसतात. शहरात अन्नाचा भार ३६.२९, घरभाड्याचा २१.६७. गावाच्या टोपलीत घरभाडं नव्हतंच. म्हणून टोमॅटो कडाडला की गावाची महागाई शहरापेक्षा जास्त उसळते आणि भाडी वाढली की फक्त शहर हलतं.

भार काढताना दोन गोष्टी सांभाळा. किरकोळ खर्चाच्या वस्तू यादीतून गाळल्या तर त्यांचा भार हवेत सोडू नका, जवळच्या वस्तूंवर चढवा. बेरीज शंभरच आली पाहिजे. आणि भार एका महिन्याच्या खर्चावरून कधीच काढू नका. जूनमध्ये शाळेची फी आणि रेनकोट, दिवाळीत कपडे, मे महिन्यात आंबे. पूर्ण बारा महिने धरल्याशिवाय वाटा खरा निघत नाही.

पायरी ३: वस्तूचं वर्णन इतकं बारीक लिहा की चुकायला जागा राहू नये

"तांदूळ, किलो" हे वर्णन निरुपयोगी आहे. या महिन्यात कोलम आणि पुढच्या महिन्यात आंबेमोहोर लिहिला तर भाव वाढलेला दिसेल, प्रत्यक्षात बदललेला असेल तो तांदूळ. वर्णन असं हवं: कोलम, सुटा, जुना, तुकडा कमी, प्रति किलो, अमुक दुकान. साबणाचं: ब्रँड, प्रकार, वडीचं वजन, सुटी वडी की चारांचा पॅक. डॉक्टरच्या फीचं: एमबीबीएस की विशेषज्ञ, पहिली भेट की पुन्हा दाखवण्याची.

सगळ्यात फसवी असते कोथिंबिरीची जुडी. भाव दहा रुपये जुडी, पावसाळ्यातही दहा रुपये जुडी, आणि कागदावर महागाई शून्य. पण मार्चमधली जुडी तराजूवर टाकली तर समजा २०० ग्रॅम भरते आणि जुलैतली १२५ ग्रॅम. १०० ग्रॅमचा भाव ५ रुपयांवरून ८ रुपयांवर गेलेला असतो, म्हणजे ६० टक्के वाढ. म्हणून भाजीवाल्याकडे जुडी, पेंडी, वाटा यांवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मालाचं वजन करून नोंद करायची. तराजू बरोबर नसेल तर अंदाजाने लिहू नये, दुसऱ्या फेरीत वजन करावं.

हाच खेळ दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यात चालतो. पुड्यावरची किंमत हलत नाही, आतलं वजन ८० ग्रॅमवरून ७० ग्रॅमवर येतं. १०० ग्रॅमला १२.५० चे १४.२९ होतात, म्हणजे १४.३ टक्के वाढ. नोंदीच्या तक्त्यात किंमत आणि वजन हे दोन रकाने वेगळे ठेवले आणि तिसऱ्या रकान्यात एकक भाव काढला तरच ही वाढ पकडली जाते.

पायरी ४: भाव गोळा करा, त्याच जागी, त्याच वेळी

२०१२ च्या मालिकेसाठी देशभरातल्या १,११४ शहरी बाजारांतून आणि १,१८१ गावांतून भाव यायचे. क्षेत्र कर्मचारी प्रत्यक्ष जाऊन, आठवड्यांच्या ठरलेल्या पाळीप्रमाणे नोंदी करतात. ही पाळी फार महत्त्वाची असते. एक बाजार दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात धरला असेल तर तो दर महिन्याला दुसऱ्याच आठवड्यात धरायचा. एकदा पगाराच्या आठवड्यात आणि एकदा महिनाअखेरीला गेलात तर तुम्ही महागाई मोजत नाही, तारीख मोजता. गावात आठवडी बाजार असेल तर बाजाराच्या दिवशीच जायचं आणि शक्यतो त्याच वेळेला, कारण सकाळी नऊचा भाव आणि दिवेलागणीला ढीग उपसतानाचा भाव यांत मोठा फरक पडतो.

भाव किरकोळ दुकानातला हवा, बाजार समितीतला नको. लासलगावचा क्विंटलचा भाव ग्राहकाने मोजलेला नसतो. शिवाय घाऊक भाव पडला तरी कोपऱ्यावरच्या गाडीवर तो उतरायला वेळ लागतो, तेवढा काळ दोन्ही आकडे वेगळ्या दिशांना जाऊ शकतात.

नोंदी आल्या की लगेच तपासणी करा, महिनाअखेरीपर्यंत थांबू नका. नेहमी सापडणाऱ्या चुका तीन. एककाची चूक: पावशेरचा भाव किलोच्या रकान्यात. दशांशाची चूक: ४.५० चे ४५०. आणि सगळ्यांत वाईट, मागच्या महिन्याची नक्कल. सुट्या भाजीचा भाव एका दुकानात सलग तीन महिने पैशापैशाने तोच असेल तर बहुधा कुणी तिथे गेलंच नाही. मागच्या महिन्यापेक्षा भाव निम्म्याहून खाली किंवा दुपटीवर असेल तर तो लगेच खोडूही नका. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो खरोखरच दुपटीहून जास्त वाढला होता. अशा वेळी दुकानात पुन्हा विचारून खात्री करा आणि शेऱ्यात कारण लिहा.

पायरी ५: भाव मिळाला नाही तर

हाताने हिशेब करणारे सर्वांत जास्त इथेच चुकतात. तीन दुकानांत कांदा मागच्या महिन्यात ४०, ३० आणि ३० रुपये होता. या महिन्यात पहिलं दुकान बंद आणि उरलेल्या दोघांकडे ३३. घाईत सरासरी काढली तर आधी ३३.३३, आता ३३. म्हणजे कांदा एक टक्क्याने उतरला! प्रत्यक्षात ज्या दोन दुकानांचे भाव हातात आहेत तिथे तो १० टक्क्यांनी चढला आहे. नियम असा: दोन्ही महिन्यांत भाव मिळालेल्या दुकानांचीच तुलना करा आणि बंद दुकानाचा भाव त्याच प्रमाणात पुढे न्या. ४० चे ४४ धरा. मागचे ४० तसेच पुढे ओढू नका, त्याने महागाई शून्याकडे खेचली जाते.

हापूस जूननंतर बाजारातून गेला की त्याचाही भाव असाच इतर फळांच्या चालीने पुढे न्यायचा. पुढच्या हंगामात तो परत आला की खरा भाव बसवायचा.

करोनाच्या पहिल्या लाटेत हीच अडचण देशपातळीवर आली. मार्च २०२० मध्ये प्रत्यक्ष भाव गोळा करणं थांबवावं लागलं, एप्रिल आणि मेचा नेहमीचा निर्देशांक जाहीर झाला नाही, आणि त्या दोन महिन्यांचे आकडे नंतर अशाच रीतीने भरून काढले गेले.

वस्तू कायमची गेली तर बदली वस्तू घ्या, पण दोन्हींचे भाव एकाच महिन्यात मिळतील तेव्हाच अदलाबदल करा. जुनी साबणवडी ३०, नवी ३६, दोन्ही दुकानात शेजारी ठेवलेल्या. हा ६ रुपयांचा फरक दर्जाचा मानायचा, भाववाढीचा नाही. पुढच्या महिन्यात नवी ३७.८० झाली तर वाढ ५ टक्के, तेवढीच निर्देशांकात जाते. हे न करता ३० वरून थेट ३७.८० वर उडी मारली तर २६ टक्के वाढ छापली जाईल. उलटही घडतं. वस्तू बदलली असं सांगून खरी भाववाढ लपवता येते. म्हणून प्रत्येक बदलीचं कारण लेखी असलं पाहिजे.

हा निव्वळ तांत्रिक वाद नाही. १९६३ साली मुंबईत कामगारांचा निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही म्हणून कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि निर्देशांक कमी दाखवत असल्याची तक्रार खरी ठरली. भावाच्या नोंदीतली ढिलाई थेट पगाराच्या पाकिटात उतरते.

पायरी ६: एका वस्तूचा निर्देशांक

आता गणित. एकाच वस्तूचे अनेक दुकानांतले भाव एका आकड्यात आणायचे आहेत. कांद्याचे पायाभूत वर्षातले आणि आजचे भाव:

पहिलं दुकान: २० वरून ४०, पट २.००
दुसरं दुकान: २५ वरून ३०, पट १.२०
तिसरं दुकान: २४ वरून ३०, पट १.२५

पटींची साधी सरासरी १.४८३, म्हणजे निर्देशांक १४८.३. भूमितीय सरासरी घ्यायची तर तिन्ही पटींचा गुणाकार करा. तो येतो ३. त्याचं घनमूळ १.४४२, निर्देशांक १४४.२. भाव तेच, पण चार अंकांचा फरक.

बरोबर कोणता? एक कसोटी लावून पाहा. एका दुकानात भाव २० चा ३० झाला, दुसऱ्यात ३० चा २० झाला. बाजारात एकंदर काहीच बदललं नाही. साधी सरासरी मात्र १.५० आणि ०.६६७ यांच्यावरून १.०८३ देते, म्हणजे नसलेली ८.३ टक्के महागाई. भूमितीय सरासरी नेमकी १ देते. साध्या सरासरीचा हा वरच्या दिशेचा झोल दर महिन्याला साचत जातो. म्हणूनच २०१२ च्या मालिकेपासून भारताने वस्तूच्या पातळीवर भूमितीय सरासरी स्वीकारली. संगणकावरच्या तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) त्यासाठी जिओमीन हे सूत्र तयार असतं.

भूमितीय सरासरीची एक अडचण आहे: शून्य. एक जरी भाव शून्य असला तरी सगळा गुणाकार शून्य. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं रेशनचं धान्य मोफत झालं आणि ही अडचण खरोखर उभी राहिली. तेव्हा रेशनच्या वस्तूंचा भार इतर वस्तूंवर वाटून टाकण्यात आला. हा मार्ग गणिताला सोयीचा आहे, पण कुटुंबाचा वाचलेला पैसा त्यात दिसत नाही, आणि धान्याच्या निर्देशांकाकडे बघताना हे लक्षात ठेवावं लागतं.

पायरी ७: सगळं एकत्र आणा

वस्तूंचे निर्देशांक तयार झाले की त्यांची भारित सरासरी घ्यायची. ही रीत लास्पेयरे या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते: टोपली पायाभूत वर्षाची, भाव आजचे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी वस्तू, मग उपगट, मग गट, मग राज्य, मग देश. ग्रामीण आणि शहरी स्वतंत्र काढून शेवटी एकत्र करतात. जुन्या मालिकेत ग्रामीण भागाचा वाटा ५३.५२ आणि शहरी भागाचा ४६.४८ टक्के होता.

गटांचे भार वर दिलेच आहेत. समजण्यासाठी काही काल्पनिक निर्देशांक घेऊ, आधी मागच्या वर्षीचा, मग यंदाचा:

अन्न १८०, १९२
पान-तंबाखू १९५, २०१
कपडे १८२, १८८
घरभाडे १७२, १७९
इंधन १८२, १८६
इतर १७४, १८२

प्रत्येक निर्देशांकाला त्याच्या भाराने गुणा, बेरजेला १०० ने भागा. मागचं वर्ष १७८.१२, यंदा १८७.४०. दर ५.२१ टक्के.

छापताना निर्देशांक एका दशांशापर्यंत देतात: १७८.१ आणि १८७.४. त्यांच्यावरून भागाकार केला तर ५.२२ येतं. म्हणजे शतांशाचा फरक केवळ पूर्णांकनाचा असू शकतो. जुलै २०२४ चा तात्पुरता निर्देशांक १९२.९ होता, दर ३.५४. अंतिम निर्देशांक १९३.० आला आणि दर ३.६० झाला. एक दशांश हलला आणि दर ०.०६ ने. म्हणून दुसऱ्या दशांशावरून "महागाई वाढली", "महागाई घटली" अशी ओरड करण्यात अर्थ नाही.

या ५.२१ मध्ये अन्नाचा वाटा किती? भार गुणिले निर्देशांकातली वाढ, भागिले मागच्या वर्षीचा एकूण निर्देशांक. ४५.८६ × १२ ÷ १७८.१२ = ३.०९ टक्केबिंदू. बरेच लेख इथे भाराला गटाच्या टक्केवारीने गुणतात. अन्नाच्या बाबतीत तेही ३.०६ देतं आणि चूक लपते. पण ज्या वस्तूचा निर्देशांक एकूण निर्देशांकापासून फार दूर गेला आहे तिथे ही चूक मोठी होते, कारण भाव वाढत गेले की त्या वस्तूचा प्रभावी भारही वाढतो. टोमॅटोचा भार जेमतेम ०.५७ होता, कांद्याचा ०.६४, बटाट्याचा ०.९८. तरी या तिघांनी राष्ट्रीय आकडा अनेकदा हलवला आहे.

पायरी ८: वार्षिक दर काढा, आणि तो वाचायला शिका

बातम्यांतला दर म्हणजे या महिन्याचा निर्देशांक भागिले गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा, वजा १, गुणिले १००. तोच महिना घेतल्याने हंगामी चढउतार बऱ्याच अंशी कटतो. जुलै २०२२ चा निर्देशांक १७३.४, जुलै २०२३ चा १८६.३. दर ७.४४ टक्के.

पुढच्या वर्षी काय झालं ते नीट बघा. जून २०२४ चा निर्देशांक १९०.२ आणि जुलैचा १९३.०, म्हणजे एका महिन्यात भाव जवळजवळ दीड टक्क्याने चढले. तरी वार्षिक दर मात्र ५.०८ वरून ३.६० वर उतरला. कारण आदल्या वर्षी याच महिन्यात निर्देशांक १८१.० वरून १८६.३ वर गेला होता, सुमारे २.९ टक्के. ज्या पायरीशी तुलना केली तीच उंच होती. याला बेस इफेक्ट म्हणतात. दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं नव्हे, आणि बाजारात पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला "महागाई कमी झाली" ही बातमी खोटी वाटते ती याचमुळे. दर वाचताना महिन्यागणिक बदल शेजारी मांडून बघा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

"वर्षाची महागाई" म्हणतानाही दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने फिरतात. बारा महिन्यांच्या सरासरी निर्देशांकाची आदल्या बारा महिन्यांच्या सरासरीशी तुलना केली तर २०२४-२५ साठी ४.६ टक्के. फक्त मार्चची मार्चशी तुलना केली तर ३.३४. पहिला आकडा वर्षभर खिशाला पडलेला ताण सांगतो, दुसरा वर्ष संपताना वेग किती होता ते. दोन देशांची तुलना करताना दोघांचाही एकच प्रकार घ्या. आणि बारा महिन्यांच्या दरांची सरासरी काढू नका, आधी निर्देशांकांची सरासरी काढा, मग दर.

घरभाडं: सर्वांत अवघड रकाना

भाडं दर महिन्याला बदलत नाही, त्यामुळे २०१२ च्या मालिकेत दर महिन्याला प्रत्येक घरी जात नसत. घरांचे सहा भाग करून दरमहा एका भागाची पाहणी व्हायची, म्हणजे प्रत्येक घराची पाळी सहा महिन्यांनी यायची. त्याच घराचं मागच्या पाळीचं आणि या पाळीचं भाडं ताडून बदल काढायचे. नव्या भाडेकरूंच्या जाहिरातींवरून मोजलं तर वाढ फुगते, कारण बहुतेक लोक जुन्या करारावर राहत असतात.

जुन्या मालिकेत सरकारी निवासस्थानंही नमुन्यात होती आणि त्यांचं भाडं ठरवताना कर्मचाऱ्याला न मिळणारा घरभाडे भत्ता धरला जायचा. जुलै २०१७ पासून सातव्या वेतन आयोगाप्रमाणे केंद्राने भत्ता वाढवला आणि घरभाड्याचा निर्देशांक उसळला, बाजारात भाडी तशी वाढलेली नसताना. त्या काळात रिझर्व्ह बँकेला भत्त्याचा परिणाम वगळून महागाई वेगळी सांगावी लागली.

जोडगुणक: मालिका बदलली की

पायाभूत वर्ष बदललं की निर्देशांक पुन्हा शंभराजवळ येतो. जुन्या मालिकेतला १९० आणि नव्यातला १०४ थेट ताडले तर देशात भाव निम्मे झाल्यासारखे दिसतील. दोन मालिकांना जोडायला जोडगुणक लागतो: दोन्ही उपलब्ध असलेल्या काळातला जुना निर्देशांक भागिले नवा.

औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात २००१ ची मालिका २०१६ च्या मालिकेला जोडणारा गुणक २.८८ आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यावरच काढतात. सूत्र असं: गेल्या बारा महिन्यांच्या निर्देशांकाची सरासरी गुणिले २.८८, त्यातून २६१.४२ (२००१ च्या मालिकेतली २०१५ ची सरासरी) वजा, भागिले २६१.४२, गुणिले १००. जून २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांची सरासरी सुमारे १४३.६ होती. गुणाकार ४१३.६, फरक १५२.२, दर ५८.२. अपूर्णांक सोडला की जुलै २०२५ चा ५८ टक्के भत्ता. गुणक लावायला विसरलात तर उत्तर ऋण येतं आणि चूक लगेच दिसते.

आपल्या घराची महागाई

राष्ट्रीय आकडा आपल्याला लागू का पडत नाही हे समजायचं असेल तर एक वर्ष हा तक्ता ठेवा. वर्षाच्या खर्चाचे वाटे काढा. समजा चार लाखांचा खर्च असा आहे: किराणा ८०,०००, भाजी-फळं ४०,०००, दूध ३२,०००, भाडं १,२०,०००, वीज-गॅस २४,०००, शाळा-शिकवणी ४८,०००, प्रवास ३६,०००, बाकी २०,०००. भार अनुक्रमे २०, १०, ८, ३०, ६, १२, ९ आणि ५.

तीस-पस्तीस वस्तू पुरेत. किराण्याच्या दहा-बारा, भाज्या आठ, फळं तीन. दर महिन्याच्या एकाच आठवड्यात, त्याच दुकानातून भाव उतरवा. वर्षाअखेर गटांची वाढ समजा अनुक्रमे ४, १२, ६, ५, २, १०, ० आणि ३ टक्के निघाली. भाराने गुणून बेरीज करा: ५.४५ टक्के. यात भाजीपाल्याचा वाटा १.२ टक्केबिंदू आणि शाळेचाही १.२. भाजीची तक्रार रोज होते, फी वर्षातून एकदाच वाढते, पण दोघांनी घरावर टाकलेला भार सारखाच.

नोंदताना भाव लिहा, बिल लिहू नका. पाहुणे आले म्हणून किराणा वाढला तर ती महागाई नाही. विजेच्या बाबतीत ही चूक हमखास होते, कारण दर टप्प्याटप्प्याने चढतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० पर्यंत दुसरा. मे महिन्यात पंखे जास्त चालले की बिल वरच्या टप्प्यात जातं आणि युनिटचा सरासरी भाव वाढल्यासारखा वाटतो, दरपत्रक तेच असतं. उपाय असा की दर महिन्याला ठरावीक १५० युनिटचं बिल चालू दरपत्रकावरून काढायचं, स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्कासकट. गॅससाठी १४.२ किलोच्या सिलिंडरची घरपोच किंमत, पेट्रोलसाठी त्याच पंपाचा लिटरचा भाव, आणि फीसाठी इयत्ता बदलली तरी मागच्याच इयत्तेची यंदाची फी शाळेच्या फलकावरून उतरवून घ्यायची, कारण पाचवीतून सहावीत गेल्याने वाढलेले पैसे महागाईत मोडत नाहीत.